हुडहुडीची बाटली

पोळा झाला की आमच्या यवतमाळात नळाला चहा येतो. रंग अगदी तोच, साखर तेवढी घालायची राहिलेली. यंदाही आला. आठ दिवस पाऊस पत्र्यांना झोडपत होता. नाल्यानं रस्ता फोडला, रस्ता खचून पाइप फुटला आणि पाइपातून जे वाहत होतं ते गावाच्या पोटात गेलं. गल्लीतल्या घराघरांतून कोणी ना कोणी पोट दाबत दवाखान्यात गेलं. आमच्याकडून माझी नात मृण्मयी गेली. ही नागपूरला औषधं तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. दिवसभर दुसऱ्यांच्या बाटल्यांतले दोष काढते आणि सणाला घरी आली की स्टँडजवळच्या गाड्यावर पाणीपुरी खाते. मी तिला काही बोलले नाही. तिच्या वयात मी याहून मोठे गाढवपणे केलेत.

तिला सलाईन लावली. आता काचेची बाटली नसते, प्लास्टिकची मऊ पिशवी असते. लोंबते आणि हळूहळू पोट खपाटीला जातं तिचं. मी खुर्ची ओढून बसले ती नातीच्या जबड्याकडे बघत. आज्या कपाळ बघतात, मी जबडा बघते. पाऊण तास झाला तरी दात वाजले नाहीत, खाट हलली नाही. तेव्हा कुठे मी उठून पिशवीवरचा बॅच नंबर मोठ्यानं वाचला आणि सिस्टरला म्हटलं, या खोक्यातली एक पिशवी बाजूला काढून ठेवा, वापरू नका. ती बिचारी केरळची; तिनं विचारलं, आजी, घरी नेणार का? मृण्मयीनं लाजेनं डोळे मिटून घेतले.

घरी माझी ही खोड सगळ्यांना पाठ आहे. लाडवाच्या डब्यात शेवटचा लाडू मी कोणालाही खाऊ देत नाही. लोणच्याच्या बरणीत एक फोड, तापाच्या गोळ्यांच्या पाकिटात एक गोळी, टोपल्यात एक पोळी. जावई म्हणतात, आईंकडे प्रत्येक पदार्थाचा एक कैदी असतो. हसतात सगळे. मीही हसते. लाडवाला बुरशी येते तेव्हा मात्र माझं मलाच कसंतरी होतं.

दवाखान्यातून घरी आल्यावर भाताची पेज पिता पिता मृण्मयीनं विचारलं, हे नेमकं कधीपासून? आणि बाहेर पावसानं पुन्हा पत्र्यावर हात उगारला.

अडतीस वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यापासून. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. तुझी आई पहिलीत होती. मी एका नव्या फार्मसी कॉलेजात शिकवायचे. दारावरच्या पाटीत माझं नाव लहान आणि पदवी मोठी होती. पांढरा कोट घालून मी मुद्दाम भाजीबाजारातून घरी जायचे. वांगीवाल्यांनी डॉक्टरीणबाई म्हटलं की चुकूनही दुरुस्त करायचे नाही. त्या बाईला आज रस्त्यात गाठलं तर मी तिचा कोट काढून घेईन आणि दोन लगावीन. पण ती ऐकायची नाही. ती कोणाचंच ऐकत नसे.

कॉलेजच्या मागे सशांचं घर होतं. ससा म्हटलं की लोकांना गाजर आठवतं. मला खोडा आठवतो. लाकडाची अरुंद पेटी, पुढे मान अडकवायला भोक, वरून फळी. ससा आत कोंबायचा, मागून तापमापी घालायची, कानाच्या शिरेत सलाईन टोचायची आणि तीन तास दर अर्ध्या तासानं ताप लिहायचा. माणसाच्या शिरेत जाणारं पाणी शुद्ध आहे की नाही ते तेव्हा असं ठरायचं. कारण गंमत अशी की पाणी उकळून जंतू मारता येतात, पण त्यांची मढी पाण्यातच राहतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत, गाळणीत अडकत नाहीत. बाटली आरशासारखी स्वच्छ दिसते. मात्र ते पाणी रक्तात उतरलं की शरीर त्या मढ्यांशीच लढाई पुकारतं. ताप भडकतो, थंडी भरते, माणूस मुळापासून हलतो. सशाचंही तेच होतं, म्हणून ससा.

सशांना सांभाळायला तुळसाबाई होत्या. कोलामांच्या वस्तीवरच्या, पोडावरच्या, वयानं माझ्या आईएवढ्या. मी फळी दाबायला लागले की त्या तोंड फिरवायच्या. एकदा एका सशानं माझा अंगठा असा फोडला की दात हाडाला लागला. मी ओरडले. तुळसाबाईंनी हळद आणली, अंगठ्यावर दाबली आणि म्हणाल्या, बाई, त्याले बोलता येत असतं तं त्यानं चावलं नसतं. मला ते वाक्य तेव्हा अडाणी वाटलं. मी त्यांना शास्त्र समजावून सांगितलं. अर्धा तास. रक्त गळतच होतं.

त्या पावसाळ्यात हगवणीनं नेर-दारव्ह्याकडची गावं धरली होती. नाल्यांचं पाणी विहिरीत शिरलेलं. तिकडच्या एका खेड्यातल्या सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर, रशीदभाई, एक दिवस भिजत कॉलेजात आले. पिशवीत लुंगी, लुंगीत गुंडाळलेल्या काचेच्या दोन बाटल्या. तान्ह्या पोरासारख्या त्यांनी त्या माझ्या टेबलावर निजवल्या. म्हणाले, नव्या खोक्यांतली ही बाटली लावली की माणूस थडथड उडते. जुन्या खोक्यातली लावली तर काही होत नाही. एकाच घाण्यातल्या भज्यांसारख्या एका घाण्यात निघालेल्या बाटल्यांवर एकच नंबर असतो. तोच बॅच नंबर. त्यांनी तो स्वतःहून ताडून पाहिला होता. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, त्यांना सांगितलं तर त्यांनी लक्ष दिलं नाही.

आणि यापुढची गोष्ट त्यांनी सांगितली तेव्हा मी हसले. गावात लोकांना ही हुडहुडी आवडायला लागली होती. ज्याला थंडी भरली त्याला सलाईन लागू पडली, असा समज झालेला. साधी बाटली लावली की लोक चिडायचे. एकानं रशीदभाईंची कॉलर धरून म्हटलं होतं, माझ्या भावाले हालवलं, माझ्या बापाले काहून नाही हालवलं? दवाखान्यात जोरवाली बाटली मागायला रांग लागत होती, आणि हा माणूस ती खोकी लपवून ठेवत होता.

मी काय करायला हवं होतं? त्याच दुपारी तीन ससे खोड्यात घालायला हवे होते. पण माझा एक निबंध परिषदेला जायचा होता, मला टंकलेखकाकडे जायचं होतं, आणि मुख्य म्हणजे खेड्यातला कंपाउंडर मला बॅच नंबर शिकवत होता. तेव्हा रबरी नळ्या धुऊन, उकळून परत वापरायचे. मी बाटलीकडे न पाहता सांगितलं, दोष तुमच्या नळ्यांत असणार. ते म्हणाले, नळी मी रोज माझ्या हातानं उकळतो मॅडम, बाटली पाहा. मी कॉलेजच्या कागदावर लिहून दिलं, नळ्या नीट उकळून वापराव्यात, म्हणजे थंडी येणार नाही. खाली सही, सहीखाली शिक्का. शिक्का मारायला मला फार आवडायचं. त्यांनी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली आणि बाटल्या सोडून एसटी गाठली.

आठ दिवस त्या बाटल्या माझ्या कपाटात उभ्या होत्या. आठ दिवस रोज कपाट उघडलं की त्या दिसायच्या आणि मी निबंधाचे कागद उचलून कपाट बंद करायचे.

नवव्या दिवशी निबंध टपालात पडला आणि मी बाटल्या काढल्या. का, तर रशीदभाई चूक आहेत असं त्यांना लेखी कळवायचं होतं. सकाळी तीन ससे खोड्यात घातले. तासाभरात तिघांचे कान पेटले. दीड तासाला पारा इतका चढला की मी तापमापी झटकून पुन्हा घातली. मग मी म्हटलं, ससेच आजारी असतील. दुसरे तीन घेतले, दुसरी बाटली फोडली. त्यातला एक पांढरा ससा अंगात लाट आल्यासारखा कापायला लागला आणि त्यानं खोड्यात मागच्या दोन्ही पायांनी अशी लाथ झाडली की सुकी काडी मोडावी तसा आवाज झाला. त्याचा कणा त्याच्याच लाथेनं मोडला होता. तुळसाबाईंनी फळी काढली, त्याला मांडीवर घेतलं आणि मान पिरगळून मोकळा केला. मग माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, आता समजलं का?

आता समजलं होतं. पहिल्या बाटलीतलं उरलेलं पाणी मी मोरीत ओतलं होतं, दुसरी टेबलावर आडवी पडून सांडली होती. त्यातलं घोटभर पाणी ठेवावं हे मात्र मला सुचलं नाही. दर वर्षी वर्गात पहिल्याच तासाला मी फळ्यावर लिहायचे, राखीव नमुना ठेवल्याशिवाय कोणतीही तपासणी करू नये. अक्षर फार सुंदर होतं माझं.

तापाचे कागद पर्समध्ये कोंबून मी नेरची बस धरली, पुढे एका ट्रॅक्टरवर बसून भरदुपारी त्या गावी पोचले. पाऊस आडवा मारत होता. दवाखान्याच्या ओसरीतून एक आवाज येत होता, लाकूडतोड चालावी तसा. आत जाऊन पाहिलं तर लोखंडी खाट होती. खाटेवर जुबेदा, रशीदभाईंच्या चुलतभावाची, हनीफची बायको. हगवणीनं वाळून काटकी झालेली. तिच्या थरथरण्यानं खाटेचे पाय फरशीवर आपटत होते. तीन घोंगड्या अंगावर, दोन बायका तिच्या पायांवर बसलेल्या, तरी खाट पुढे सरकत होती. वर बाटली अर्धी झालेली. रशीदभाईंनी लपवलेली खोकी हनीफनं शोधून काढली होती, ते नको म्हणून बजावून बाहेर गेले असताना त्यातली बाटली बाहेरगावच्या नर्सकडून लावून घेतली होती, आणि तो भिंतीला टेकून समाधानानं पाहत होता. मला म्हणाला, लागू पडली पाहा मॅडम.

मी धावत जाऊन सुई उपटली. त्यानंतर थोड्या वेळानं खाटेचा आवाज थांबला. आधी सगळ्यांना बरं वाटलं. मग पायांवर बसलेल्या बायकांपैकी एकीनं किंकाळी फोडली.

रशीदभाई तेवढ्यात शेजारच्या गावातून औषधं घेऊन सायकलनं आले होते. दारातच हनीफनं त्यांना डाव्या कानावर थप्पड मारली. आयुष्यात मी ऐकलेला तो सगळ्यात लहान आवाज आहे. फट्. रशीदभाई फिरून बसले, कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली. मग ओसरी भरली. सलाईनचा लोखंडी स्टँड कोणीतरी उचलला. बाकाचा पाय कोणीतरी उपटला. आठ दिवसांपूर्वी जोरवाली बाटली मागणारेच त्यात होते. त्यांनी कशाबद्दल मारलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. चुलतभाऊ, शेजारी, ज्यांच्या पोरांना त्यांनी टोचलं होतं ते सगळे. हाडावर लोखंड बसलं की जो आवाज होतो तो मी पर्स छातीशी धरून ऐकत होते. याची चूक नाही, बाटलीची आहे, असं मी दोनदा म्हटलं. ते माझ्या शेजारच्या खांबालाही ऐकू गेलं नसेल.

मग माझ्यातली वीरबाला जागी झाली. हल्ली आठवलं की मला तिच्या पदराला धरून खाली बसवावंसं वाटतं. मी आतल्या खोलीत गेले. कोपऱ्यात ती खोकी होती. मी एक बाटली उचलून फरशीवर आपटली आणि जीव खाऊन ओरडले, हे आहे विष, हे फोडा. काचेचा स्फोट झाला तशी गर्दी वळली. माणसांना मारायला काहीतरी हवंच होतं. रशीदभाईंना सोडून सगळे आत घुसले. आम्ही बाटल्या फोडल्या. मी म्हणजे अगदी आनंदानं फोडल्या. भिंतीवर, उंबऱ्यावर, एकमेकींवर. साडी गुडघ्यापर्यंत भिजली, तळपायात काच घुसली, आणि खारट पाणी दाराबाहेर वाहत जाऊन पावसात मिसळलं. सगळी खोकी संपेपर्यंत मी थांबले नाही. शेवटची बाटली तर मी स्वतः फोडली. लोकांनी वाट करून दिली होती मला.

रशीदभाई वाचले. दुसऱ्या दिवशी नेरच्या दवाखान्यात ते टाके घातलेल्या डोक्यानं बसले होते आणि मी त्यांची तारणहार असल्यासारखी त्यांच्या उशाशी.

तिसऱ्या दिवशी औषध निरीक्षक आले. शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, फक्त एक न फोडलेली बाटली द्या, त्याच बॅचची. तेवढं पुरे आहे.

बाटली नव्हती. आसपासच्या गावांतून तोपर्यंत पुरवठादाराची गाडी फिरून तो सगळा माल उचलून घेऊन गेली होती. कारखान्यानं स्वतःच्या राखीव बाटल्या दाखवल्या. त्या अर्थातच निर्मळ निघाल्या. त्यांना नियम पाळता येत होता. माझ्या सशांचे कागद निरीक्षकांनी उलटसुलट पाहून परत दिले. सील नाही, पंचनामा नाही, पाणी नाही. एक बाई म्हणते म्हणून एक बॅच वाईट ठरत नसते.

मग चौकशी बसली आणि रशीदभाईंच्या रक्त लागलेल्या खिशातून माझी चिठ्ठी निघाली. नळ्या नीट उकळून वापराव्यात. सही. शिक्का. टेबलापलीकडच्या साहेबांनी ती माझ्यासमोर ठेवून विचारलं, ही तुमचीच ना?

मी हो म्हटलं. पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं. ती मी बाटली न बघताच लिहिली होती, हे ते वाक्य. त्यात न समजण्यासारखं काही नाही. पण प्राचार्य बाजूला बसले होते, माझी नोकरी कायम व्हायची होती, निबंध स्वीकारल्याचं पत्र तीनच दिवसांपूर्वी आलं होतं. रशीदभाई समोरच्या बाकावर होते, डोक्याला पट्टी, उजवा कान पुढे करून ऐकत. साहेबांनी वाट पाहिली. मी पाणी प्यायले. त्यांनी चिठ्ठी फायलीला लावली.

नळ्यांच्या अस्वच्छतेमुळे मृत्यू, असं ठरलं. रशीदभाईंची नोकरी गेली. हनीफ आयुष्यभर त्यांच्या दारावरून मान फिरवून गेला.

पेज गार झाली होती. मृण्मयीनं वाटी बाजूला सारली. मग म्हणाली की आता ससे जवळजवळ लागत नाहीत. समुद्रातल्या एका खेकड्याच्या रक्तानं परीक्षानळीत तपासता येतं, आणि आता तर खेकड्याशिवायही. मी म्हटलं, छान, सगळ्यांची सुटका झाली. ती म्हणाली, तू रशीदभाईंना ते कधी सांगितलंस का?

सांगते की. दर वर्षी सांगते. रशीदभाईंनी नेरला सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. आता तिथं त्यांचा मुलगा मोटारसायकली उघडतो आणि ते दारात खुर्ची टाकून बसतात. पोळ्यानंतर मी जाते. ते मला नेहमी डाव्या बाजूची खुर्ची देतात. त्या कानात त्या थपडेपासून काही शिरत नाही. त्या कानाशी वाकून मी दर वर्षी ते एक वाक्य म्हणते, ते मान डोलावतात, म्हणतात, पाऊस जास्तच आहे यंदा. अशी अडतीस वर्षं मी बहिऱ्या कानात कबुली दिली आहे. लबाडी कमी झाली नाही माझी, तिला फक्त सुरकुत्या पडल्या.

मृण्मयीला बरं वाटल्यावर मला तिच्यासोबत जावंच लागलं. नेरचा रस्ता धुऊन निघालेला, दोन्हीकडे कपाशीत पाणी साचलेलं. दुकानात पाना आपटत होता, इंजिन गुरगुरत होतं. रशीदभाई उठले, नेहमीची खुर्ची पुसली. ती पोरगी पटकन त्या खुर्चीत जाऊन बसली आणि तिनं मला उजवीकडचं स्टूल दाखवलं. रशीदभाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हसले नाहीत. मुलाला हातानं खूण करून इंजिन बंद करायला लावलं.

चहा आला, बशीत चार बिस्किटं. दोन मृण्मयीनं खाल्ली, एक मी. अडतीस वर्षांचं पाठ केलेलं वाक्य ऐकू येणाऱ्या कानाशी मात्र तुकड्या-तुकड्यांत निघालं.

"रशीदभाई, ती चिठ्ठी मी बाटली न बघता लिहिली होती. चौकशीत मला बोलता आलं असतं. मी बोलले नाही."

त्यांनी पत्र्यावरून पडणाऱ्या धारेकडे मान वळवली.

"चिठ्ठीचं मले मालूम होतं मॅडम. तुमी बाटलीकडे पाह्यलंच नव्हतं, मी समोर उभा होतो ना." त्यांनी कप खाली ठेवला. "तुमी बोलल्या असत्या तं तुमची नोकरी गेली असती, बस. जुबेदाचा जीव नळीनं गेला असंच हनीफ मरेपर्यंत समजला. त्याले दाखवाले एक बाटली तरी ठेवायची होती."

बशीत एक बिस्कीट उरलं होतं. सवयीनं मी ते कडेला सरकवून ठेवलं होतं, कैद्यासारखं. रशीदभाईंनी हात लांब केला, ते उचललं, चहात पूर्ण बुडवलं आणि माझ्याकडे बघत सावकाश खाल्लं.